रोग हाल्याला, औषध पखालीला

मंडळी, यावेळचा विषय जरा तेलकट आहे. पुण्या-मुंबईची आमची भाचरं म्हणतील, रुक्मिणीचं माहेर, वर्धेचा काठ, आषाढीची पालखी हे सगळं सोडून यांना ट्रॅक्टरची लिफ्ट कुठून सुचली? सुचली याला कारण आहे. आमच्या कौंडण्यपूरच्या आसपास आता पुष्कळ घरांपुढे एखादा जुना छोटा ट्रॅक्टर उभा दिसतो. बहुतेक दुसऱ्या हाताने घेतलेला. आणि त्यातल्या अनेकांचं रडगाणं एकच, "हायड्रोलिक उचलत नाही जी." त्यावरचं औषधही ठरलेलं. पंप बदला!

हाल्या म्हणजे रेडा, हे नव्या पिढीसाठी सांगून ठेवतो. पूर्वी त्याच्या पाठीवर पखाल टाकून पाणी वाहून नेत. आता हाल्या आजारी पडला तर औषध हाल्याला द्यायचं की त्याच्या पाठीवरच्या कातड्याच्या पिशवीला? लिफ्टच्या बाबतीत आपलं हे असं चाललं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतील. जुन्या ट्रॅक्टरच्या लिफ्टवर जो पैसा जातो, त्यातला बराचसा दुरुस्तीवर जात नाही, चुकीच्या निदानावर जातो. आणि हा दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. आपण सामानाचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. मग आपल्याला सामानच मिळणार, शोध कसा मिळेल?

आता थोडं मुळापासून. ज्यांनी बैलांवर वखर हाणलं आहे त्यांना लिफ्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तास संपून धुरा आला की माणूस रुमणं धरून वखर उचलतो आणि जोडी वळवतो. ट्रॅक्टरमध्ये हेच उचलण्याचं काम मागचे लोखंडी हात करतात. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन नावाच्या माणसाने अवजार तीन ठिकाणी जोडून तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत १९२० च्या दशकात बसवली. १९३६ मध्ये ती असलेला ट्रॅक्टर इंग्लंडात विक्रीला आला आणि १९३९ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ती अमेरिकेत पसरली. आज आपल्याकडचा कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर बघा, मागे खाली दोन आणि वर एक अशी ती तीन ठिकाणची जोडणी तीच आहे.

आमच्या तिवसा, मोर्शी, वरुड भागात छोट्या ट्रॅक्टरचं महत्त्व संत्र्यामुळे. दोन ओळींत साधारण ६ मीटरचं अंतर. झाडं वाढून फांद्या वाकल्या की मोठा ट्रॅक्टर बागेत शिरत नाही, तिथे १५ ते २० हॉर्सपॉवरचाच लागतो. आता ओळीच्या टोकाला वळताना पंजी पुरती वर आली नाही, तर तिचे फाळ झाडाच्या आळ्यातून ओढत जातात. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात. ती तुटली, जखमा झाल्या, की मूळकूज आणि डिंक्या यांना आयतं दार उघडं! म्हणजे लिफ्ट कमजोर असणं ही नुसती कुरकुर नाही. दहा वर्षं जपलेल्या झाडाशी गाठ आहे.

आतली रचना मी बी.ए. मराठीवाला जितकी समजलो तितकी सांगतो. इंजिनावर फिरणारा पंप जाळीतून तेल ओढतो. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरमध्ये हे तेल गियरपेटीतलंच असतं. मग वाल्व्ह ते तेल सिलिंडरकडे पाठवतो, पिस्टन सरकतो, आडवा दांडा फिरतो आणि हात वर येतात. दाब मर्यादेबाहेर गेला तर रिलीफ वाल्व्ह तेल परत सोडून देतो. यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. पंप दाब देत नाही, पंप नुसतं तेल वाहतं ठेवतो. त्या तेलाला वजनाचा अडथळा झाला की दाब तयार होतो. वाटेत कुठे गळती असेल तर पंप कितीही नवा असो, दाब बनणार नाही. आणि पंपापर्यंत तेलच पोचत नसेल तर तो तरी काय करणार?

विहिरीवरच्या मोटरीचं घ्या. पाणी कमी पडायला लागलं तर आपण मोटर बदलतो का? नाही. आधी खाली फुटव्हॉल्व्ह बघतो (आमच्याकडे त्याला सरळ 'फुटबॉल'च म्हणतात), त्यात पालापाचोळा अडकला का, पाइप कुठे हवा घेतो का, हे पाहतो. अगदी न शिकलेला माणूसही हे करतो. मग ट्रॅक्टरपाशी आल्यावर आपलं हे शहाणपण कुठे जातं?

आता घरचंच उदाहरण. माझ्या पुतण्याकडे ६ एकर शेत. त्यात २.५ एकर संत्रा, बाकी कपाशी, सोयाबीन आणि तूर. चार वर्षांपूर्वी त्याने १८ हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर घेतला. मागच्या जून महिन्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर लिफ्ट रेंगाळायला लागली. मिस्त्री आला, लिव्हर दोनदा वर-खाली केला आणि म्हणाला, "पंप गेला." नवा पंप ६,५०० रुपये, मजुरी १,५०० रुपये. पंप बसवताना थोडं नवं तेल पडलं, चार दिवस बरं चाललं आणि पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. दुसरा मिस्त्री म्हणाला, लिफ्टचं सगळं डोकं उघडावं लागेल, ११,००० धरून चाला. पोरीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे आधीच पंपात गेले होते. पुतण्या म्हणाला, "इकून टाकतो काकाजी. येईन त्या भावात जाऊ द्या." गिऱ्हाइकं येऊन बघूनही गेली. आता लिफ्ट चालत नसलेल्या ट्रॅक्टरला भाव तो काय येणार!

मला ट्रॅक्टर चालवता येत नाही. वाचता मात्र येतं. ट्रॅक्टरच्या कागदपत्रांच्या पिशवीत हिंदी मॅन्युअल होतं, अजून घडीही न मोडलेलं. त्यात शेवटी दोन पानांचा तक्ता होता, दोष, संभाव्य कारण आणि उपाय असा. लिफ्ट कमजोर असण्याच्या कारणांत पहिलं होतं तेल कमी असणं, दुसरं जाळी तुंबणं, तिसरं पंपाकडे जाणाऱ्या नळीतून हवा शिरणं. पंपाचा नंबर शेवटून दुसरा होता. आपल्याकडे तो पहिला कसा आला, याचा मी विचार करत राहिलो.

उत्तर मिळालं तिसऱ्या मिस्त्रीकडून. वयस्क माणूस, शेजारच्या गावचा. मी त्याला तक्ता दाखवला, तर तो हसला. म्हणाला, "हे समदं मले माहीत हाय गुरुजी. पन मी अर्धा दिवस घालून पायतो, अन् काई नाई निंघालं, तं तुमी म्हनसान, पैसे कायचे? पंप बदलला का मानूस गुपचूप देते."

मंडळी, या एका वाक्यात सगळं आलं. मी त्याला म्हटलं, काही निघो न निघो, शोधायचे ५०० रुपये वेगळे. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग सकाळची पूर्ण वेळ त्याने त्या ट्रॅक्टरला दिली.

आधी त्याने पंजी वर उचलून इंजिन बंद केलं आणि बाजूला बांबू उभा करून मला त्यावर खडूने खूण करायला सांगितली. (खडू पाहून बरं वाटलं!) अर्ध्या तासात पंजी खुणेच्या खाली सरकली नाही. म्हणजे सिलिंडरचं सील शाबूत, लिफ्टचं डोकं उघडायचं कारण नाही. ११,००० तिथेच वाचले. मग इंजिन सुरू करून वेग वाढवला तर पंप कुईकुई ओरडायला लागला, आणि उचल मात्र तेवढीच मंद. अर्ध्या तासाने तेलाची पट्टी काढली तर तिच्यावर फेस. फेस म्हणजे तेलात हवा. दुधासारखं पांढुरकं असतं तर पाणी समजायचं. जाळी काढली तेव्हा ती बारीक धाग्यांनी आणि वाळलेल्या पेस्टच्या तुकड्यांनी लिंपलेली निघाली. धागे कशाचे? हात आणि पेटी पुसायच्या कापसाच्या वेस्टचे! कापूस पिकवणाऱ्या मुलखात ट्रॅक्टरचा गळा कापसानेच आवळला होता. पंपाकडे जाणाऱ्या नळीची ओ-रिंगही वाळून तडकलेली होती. जाळी धुतली, रिंग ४० रुपयांची, तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जातीचं नवं भरलं. संध्याकाळी पंजी सरसर वर गेली. ट्रॅक्टर विकायचं राहिलं. जुना पंप गोठ्याच्या खिडकीत पडून आहे. त्याला खरंच काही झालं होतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण काढण्याआधी तो कुणी तपासला नव्हता.

यातून मी जे टिपून घेतलं ते स्वस्ताकडून महागाकडे अशा क्रमाने देतो.

१. तेल. ट्रॅक्टर सपाट जागेवर, हात खाली सोडलेले, मगच पट्टी बघायची. पातळी, रंग, फेस या तिन्ही गोष्टी बघायच्या. जे घरात असेल ते तेल ओतायचं नाही.

२. जाळी आणि ओढणीची नळी. वेगावर पंप ओरडत असेल तर संशय आधी इथे.

३. वेळ मोजणे. मोबाइलमध्ये घड्याळ आहेच. इंजिनाच्या त्याच वेगावर रिकामे हात उचलायला किती सेकंद लागतात आणि अवजारासकट किती, हे लिहा. दोन्ही मंद असेल तर तेल पुरेसं पोचत नाही. रिकामे झपकन आणि अवजारासकट फारच हळू, असं असेल तर दाब आल्यावर आत कुठेतरी गळती होते आहे. आणि ठराविक वजनापर्यंत व्यवस्थित उचलून पुढे ठप्प होत असेल, तर रिलीफ वाल्व्ह लवकर उघडतो आहे.

४. खडूची खूण. इंजिन बंद करून लिव्हर वरच ठेवला आणि अवजार खाली बसत गेलं, तर गळती सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा वाल्व्हमध्ये आहे. पंप निर्दोष. इंजिन चालू असताना उचललेलं अवजार उचक्या दिल्यासारखं सारखं खाली-वर होत असेल तर त्याचाही अर्थ बहुधा हाच.

५. ट्रॉली. तेलाच्या दाबावर उलटणारी ट्रॉली जोडायची सोय असेल तर ती जोडून बघा. भरली ट्रॉली जोमात उचलली आणि पंजी मात्र उचलत नाही, तर पंपाला दोष कसा देणार?

६. दाबाचा मीटर. बाहेरच्या तोंडाला लावून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहायचा. एवढं करून पंपच दोषी ठरला, म्हणजे रिकामी उचल ठीक, भाराची मंद, तेल तापल्यावर आणखी मंद आणि खडूची खूण मात्र जागच्या जागी, तर पंप खुशाल बदला. घासलेले पंप असतातच की! पंप कधी बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. तो पुराव्यावर बदलावा, एवढंच.

एक शक्यता अशीही, की लिफ्ट कमजोर नसून अवजारच जड आहे. छोट्या ट्रॅक्टरची उचल साधारण ५०० ते ८०० किलोची सांगतात, पण ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी. वजन जितकं मागे जाईल तितका त्याचा भार वाढतो, तरफेचा नियमच आहे. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथे दांड्यांच्या टोकाशी उचल मोजतातच, शिवाय त्याच्या ६१० मिलिमीटर मागेही मोजतात, आणि उचलून धरलेला भार किती खाली येतो हेही बघतात. म्हणजे आपली खडूची खूण ही काही खेड्यातली गंमत नाही. लांब रोटाव्हेटर लावून वर दगड ठेवायचे आणि लिफ्टला नावं ठेवायची, हे बरं नाही.

दोन धोक्याच्या गोष्टी मात्र हात जोडून सांगतो. काही जण रिलीफ वाल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून दाब वाढवतात. चार दिवस लिफ्ट जोर करते आणि मग पंप, नळी नाही तर घडीव भाग फुटतो. मीटर लावल्याशिवाय त्या वाल्व्हला हात लावू नये. दुसरं, उचललेल्या अवजाराखाली टेकू दिल्याशिवाय कुणी शिरू नये आणि बारीक गळती बोटाने चाचपू नये. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आतून हात सडू शकतो. पुठ्ठा धरून बघा. तसं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा.

मिस्त्री मंडळींची बाजूही मांडली पाहिजे. हंगामात त्यांच्या दारी रांग असते, प्रत्येकाला आजच ट्रॅक्टर हवा असतो. जुन्या ट्रॅक्टरमध्ये आधी कोणी काय काय टाकलं याची नोंद नसते. अशा वेळी "काहीतरी बदलून टाक" असं आपणच म्हणतो. त्यामुळे पहिल्या मिस्त्रीला मी लबाड म्हणणार नाही. वर्गातही असंच पाहिलं आहे. पोरगं मागे पडलं की पालक लगेच शिकवणी लावायचे. शिकवणीचे पैसे मोजून दाखवता येतात ना! पोराला फळा दिसतो का, हे विचारायला काहीच पैसे लागत नव्हते, म्हणून ते राहून जायचं.

सरकारनेही पंपाचंच भलं केलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक पंपावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगलंच झालं, तक्रार नाही. पण पंप स्वस्त झाला म्हणून तो आणखी सहज बदलला जाईल, ही भीती मला वाटते. विनाकारण घेतलेली वस्तू स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

मग करायचं काय? माझ्या डोक्यात येतं ते असं. मिस्त्रीला तपासणीची फी वेगळी द्यायची आणि ती कामाआधी ठरवायची. डॉक्टरला देतोच की नाही? गावातल्या गटाने किंवा शेतकरी कंपनीने मिळून दाबाचा एक मीटर घ्यावा, एकट्याने घ्यायची वस्तू नाही ती. ट्रॅक्टरच्या पेटीत एक वही ठेवावी आणि तेल कधी, कोणतं भरलं, जाळी कधी धुतली ते लिहावं. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा अभ्यासक्रम आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकवतात. जनावरांची तपासणी शिबिरं होतात तशी अक्षय तृतीयेच्या सुमारास, शेतकऱ्याचे हात थोडे मोकळे असताना, ट्रॅक्टरची तपासणी शिबिरं व्हायला काय हरकत आहे? विद्यार्थ्यांना खरे रोगी मिळतील आणि आम्हाला खरं निदान.

आणि मिस्त्रीने "हे बदलावं लागते" म्हटलं की वाद न घालता एकच विचारायचं, "काय काय पायलं?" चांगल्या मिस्त्रीला हा प्रश्न आवडतो, असा माझा अनुभव आहे.

मी त्या दोन पानांच्या तक्त्याचं साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं आहे. पण ते एकाच ट्रॅक्टरचं होईल. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, सासरी-माहेरी, जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं मॅन्युअल पडलेलं असेल तर लिफ्टच्या पानांची झेरॉक्स पाठवा. झेरॉक्सचा आणि टपालाचा खर्च माझा.